ठसा आणि नाव: सिंधुदुर्गावरचा एक तास

मागे बसलेल्यांना आवाज नीट येतोय ना? ठीक.

आजच्या विषयाची जाहिरात वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की तुम्ही किल्ल्यावर बोलणार आहात की जीवाश्मांवर? खरं सांगायचं तर दोन्हींवर. मालवणच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. ते पटतं का, हे तुम्ही शेवटी ठरवा.

सुरुवात जरा लांबून करतो. स्कॉटलंडच्या वायव्येला स्काय नावाचं बेट आहे. तिथल्या स्टॅफिन गावात डुगाल्ड रॉस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने १९७६ साली एक संग्रहालय उघडलं. एका जुन्या पडक्या शाळेची एकच खोली होती, ती त्याने उभी केली. आत काय ठेवलं? आसपासच्या कड्यांत सापडणारे जीवाश्म, आणि त्यांच्याच शेजारी गावातल्या शेतकऱ्यांची जुनी अवजारं, घरातल्या वापराच्या वस्तू. त्याच गावाच्या किनाऱ्यावर खडकात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. ते वर्षभर दिसत नाहीत. उन्हाळ्यात वाळू चढते आणि ते झाकले जातात. हिवाळ्यातल्या वादळांनी वाळू ओढून नेली, की पुन्हा उघडे पडतात.

मला या गोष्टीत एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. डायनोसॉरचं पाऊल आणि शेतकऱ्याचं फावडं एकाच खोलीत का ठेवायचं? एक कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आणि एक आजोबांचं. उत्तर साधं आहे. दोन्ही त्या बेटाच्या खुणा आहेत, आणि दोन्ही जपणारा कुणी नसेल तर दोन्ही जातात. एवढं लक्षात ठेवून आपण मालवणला येऊ.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला होडी सुटते. पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. उतरताना होडीवाला सांगतो, तासाभरात परत या. म्हणजे अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाला आपल्याकडे एक तास! (हशा) त्या तासात काय पाहायचं, हाच आजचा विषय आहे. काचेची कपाटं आणि भिंतीवरचे फलक डोक्यात ठेवून तिथे जाऊ नका. तिथलं संग्रहालय उघड्यावर मांडलेलं आहे आणि ते वाचायला थोडी तयारी लागते.

आधी इतिहासाच्या तारखा पाहून घेऊ. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरतेवर छापा घातला. त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा मुहूर्त झाला. पूजा झाली ती समोरच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी. त्या खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, आजही पाहता येतात. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली चाललं आणि १६६७ साली पुरं झालं. तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. पाया घालताना शिसं ओतलं, असं परंपरा सांगते.

बेटच का? कारण किनाऱ्यावर सत्ता टिकवायची तर समुद्रात पाय रोवायला जागा हवी. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, वखारी घेऊन बसलेले इंग्रज आणि डच, या सगळ्यांकडे जहाजं होती. मालवणच्या समोरचा समुद्र खडकाळ आहे. पाण्याखाली दडलेले खडक ज्याला माहीत नाहीत, त्याचं जहाज तिथे फुटतं. ज्याला माहीत आहेत, त्याच्यासाठी ते खडक म्हणजे फुकटची तटबंदी. किल्ला बांधणाऱ्यांनी समुद्राचा तळ वाचला होता. तुम्ही दरवाज्याकडे जाल तेव्हा हे पाहा, की दरवाजा समोरून दिसतच नाही. तट वळतो आणि त्या वळणात दरवाजा लपलेला असतो.

आत गेल्यावर तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं पाणी, लोक याला चमत्कार म्हणतात. त्याचं कारण समजलं तर कौतुक कमी होत नाही, वाढतं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहीर त्या गोड्या थरापर्यंतच खणायची. जास्त खोल गेलात, किंवा बेसुमार उपसा केलात, तर खालचं खारं पाणी वर येतं. म्हणजे ही विहीर खणणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत होतं, आणि पाणी भरणाऱ्यांना किती काढायचं ते कळत होतं. साडेतीनशे वर्षं त्या बावी गोड राहिल्या, यात त्या शहाणपणाचा वाटा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रवेशद्वाराजवळ तटावर दोन लहान घुमट्या आहेत. आत चुन्यात उमटलेला एक हात आणि एक पाऊल. वाटाड्या सांगतो, "ह्यो म्हाराजांचो हात, नि थयसर पाय." लोक वाकून नमस्कार करतात. काही जण फोटो काढून पुढे जातात. आणि प्रत्येक गटात एखादा तरी हळूच शेजाऱ्याला विचारतो, खरंच असेल का हो?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. इतिहासाच्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर शोधण्याआधी ठसा म्हणजे काय, हे समजून घेऊ. त्यासाठी थोडं किल्ल्याबाहेर पडावं लागेल, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जमिनीत.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मालवणच्या बाजूला त्या लाव्ह्याची दक्षिण कड येते. तिथून खाली जाल तसे त्याहून पुष्कळ जुने खडक उघडे पडतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जागोजाग जांभ्याची टोपी. जांभा म्हणजे मूळ खडक उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं कुजून, झिजून राहिलेला लोहाचा लाल गाळ. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो, आणि हवेवर राहिला की कडक होतो. म्हणून कोकणात घरं चिऱ्याची. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. आपल्याकडे तो शेकडो वर्षं चिराच होता.

जांभ्यात जीवाश्म शोधायला जाऊ नका. ज्या प्रक्रियेने जांभा बनतो, तीच प्रक्रिया आतलं सगळं पुसून टाकते. पण जांभ्याच्या खाली काही ठिकाणी वेगळी कथा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात विहीर खणताना जांभा संपला की कधी कधी निळसर, करडी माती लागते आणि तिच्यात काळा, जळक्या लाकडासारखा थर. त्याला लिग्नाइट म्हणतात, म्हणजे कच्चा कोळसा. जुन्या जंगलांचं ते उरलेलं अंग. अभ्यासकांनी ही माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांना त्यात परागकण सापडले, उष्ण आणि दमट हवेत वाढणाऱ्या झाडांचे. हा काळ मायोसीन, म्हणजे सुमारे दोन कोटी तीस लाख ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचा. आपल्या परसातल्या विहिरीच्या तळाशी एक बुडालेलं जंगल असू शकतं, आणि त्याची ओळख पटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीवरून.

जीवाश्म दोन तऱ्हेचे असतात. एक अंगाचा: हाड, शिंपला, लाकूड, परागकण. दुसरा ठशाचा: पाऊल उमटलं, प्राणी निघून गेला, चिखल वाळला, दगड झाला. ठशाची गंमत अशी, की तिथे प्राणी नसतोच. तो येऊन गेला, एवढंच उरतं. स्कायच्या किनाऱ्यावर जे आहे ते हेच. ठसा सांगतो की इथे कुणीतरी होतं. किती जड होतं, कुठल्या दिशेने चाललं, हेही कधी सांगतो. नाव मात्र सांगत नाही. नाव नेहमी माणसं सांगतात.

आता मध्ये आणखी एक पायरी आहे. मालवण तालुक्यातच कुडोपी गाव आहे. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. माणसाच्या आकृत्या, मासे, पक्षी, आणि ज्यांचा अर्थ लागत नाही अशा रचना, सगळ्या जमिनीवर आडव्या कोरलेल्या. गावकरी त्या जागेला बावल्यांचं टेंब म्हणत आले. बावल्या म्हणजे बाहुल्या. सतीश लळीत यांनी २०१२ च्या सुमारास ही जागा अभ्यासकांपुढे आणली. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशा कितीतरी जागा नोंदवल्या. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या, त्यांत सिंधुदुर्गातली कुडोपी आहे. ही चित्रं किती जुनी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोरणारा माणूस कोण, कुठली भाषा बोलत होता, काहीच लिहिलेलं नाही.

पण एक गोष्ट पाहा. अभ्यासक पोहोचण्याआधी ती जागा जपली कुणी? "बावल्यांचं टेंब" या नावाने जपली. त्या नावामुळे गावाला ठाऊक होतं की इथे काहीतरी आहे. ज्या सड्याला असं नाव नव्हतं, तिथे चिरेखाणीचं यंत्र आलं तर अडवायला कुणाच्या तोंडी काही नव्हतं. जांभा कापून चिरे जातात, आणि त्या चिऱ्यांवर कुणी पाच-दहा हजार वर्षांपूर्वी काही कोरलं होतं की नाही, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. रस्ते आणि बांधकामं यांचीही तीच गोष्ट. खाणवाला खलनायक आहे असं मी म्हणत नाही. आपलीही घरं चिऱ्याचीच आहेत. कापण्याआधी कुणीतरी पाहायला हवं, एवढंच.

म्हणजे या एका किनाऱ्यावर तीन तऱ्हेचे ठसे झाले. जांभ्याखालचे परागकण, ज्यांना कर्ताच नाही. सड्यावरची शिल्पं, ज्यांना कर्ता आहे पण त्याचं नाव हरवलं. आणि किल्ल्यावरचा हात, ज्याला नाव आहे आणि पुरावा मागितला जातो.

आता त्या हाताकडे परत जाऊ. पुरावा कसा लावायचा? मागे मागे जायचं. रत्नागिरी जिल्ह्याचं जे गॅझेटिअर सरकारने १८८० साली छापलं, त्यात मालवणच्या नोंदीत या ठशांचा उल्लेख आहे. लोक ते शिवाजी महाराजांचे मानतात, त्यांच्याविषयी आदर बाळगतात, आणि त्यांवर छोट्या घुमट्या केलेल्या आहेत, अशा अर्थाची ती नोंद. म्हणजे हल्ली पर्यटकांसाठी कुणी ही गोष्ट रचली, ही शंका मिटली. दीडशे वर्षांपूर्वी ती रूढ होती. किल्ला पुरा झाला १६६७ मध्ये. मधलं अंतर दोनशे तेरा वर्षांचं. त्या अंतरात काय आहे?

त्यात एक देऊळ आहे. किल्ल्यावरचं शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांनी ते १६९५ मध्ये उभारलं. हे साल नीट लक्षात घ्या. १६९५ मध्ये राजाराम महाराज कोकणात नव्हते. ते तमिळ देशात जिंजीच्या किल्ल्यात होते आणि बाहेर मोगलांचा वेढा होता. रायगड गेलेला, संभाजी महाराजांना मारून सहा वर्षं झालेली. राज्य राहतं की जातं अशा काळात, शेकडो कोस लांब असलेल्या या बेटावर वडिलांचं देऊळ झालं. त्यातली मूर्तीही नेहमीच्या चित्रांसारखी नाही. दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. एरवी तिच्यावर मुखवटा असतो. समुद्रावरच्या माणसांनी आपल्या राजाला आपल्यासारखं पाहिलं, असं ती मूर्ती पाहताना वाटतं. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळात देवळाला सभामंडप मिळाला. पूजा आजही चालते.

याच अंतरात आणखी एक घटना बसते. १७६५ साली मुंबईच्या इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२ च्या तहाने तो पुन्हा इंग्रजांकडे गेला. मालवणात आज कुणाला विचारा, फोर्ट ऑगस्टस कुठे आहे. होडीवाला तुमच्याकडे बघत राहील. (हशा) नाव कागदावर चढलं, पण घेणारं तोंड मिळालं नाही. उलट दूधबाव, मोरयाचा धोंडा ही नावं टिकली, कारण ती रोज कुणीतरी उच्चारत होतं.

ती कोण माणसं? किल्ल्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं. किल्ल्याच्या चाकरीत असलेल्यांचे वंशज. आता थोडीच उरली. पावसाळ्यात होड्या बंद होतात, मुलांची शाळा आणि नोकरी किनाऱ्यावर, म्हणून बरेच जण बाहेर गेले. आपण त्यांना किल्ल्यावरचे रहिवासी म्हणतो. मला ते त्या उघड्या संग्रहालयाचे राखणदार वाटतात. कुठली बाव कधी उपसायची, कुठल्या देवळात कुठल्या तिथीला काय, तटाचा कुठला भाग लाटांनी खचतो, हे सगळं त्यांच्या तोंडी आहे.

एक उदाहरण देतो. या किल्ल्यावर दोन फांद्यांचा माड होता. माडाला फांदी फुटत नाही, म्हणून तो पाहायला लोक यायचे. तो वीज पडून गेला. आता उरले ते फोटो, आणि ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणी. दगड टिकतो म्हणून आपण निश्चिंत असतो, पण दगडाचं नाव माडासारखंच एका पावसात जाऊ शकतं.

किल्ल्याला संरक्षण मिळालं आहे. २०१० पासून तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यात सिंधुदुर्ग आहे आणि जिंजीही आहे. देऊळ बांधवणारा राजा जिथे होता तो किल्ला आणि जिथे देऊळ झालं तो किल्ला, तीनशे तीस वर्षांनी एका यादीत आले. आनंदाची गोष्ट आहे. बेटाभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तटाखाली जिवंत प्रवाळ आहेत. हे सगळं कायद्याने राखता येतं. तोंडी असलेलं मात्र कुठलीही यादी राखत नाही. ते विचारून, ऐकून, लिहूनच घ्यावं लागतं. आणि त्याला आता फार वेळ नाही.

म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या तासातली वीस मिनिटं फोटोंना द्या, वीस तटाला, आणि उरलेली वीस तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलण्यात घालवा. शहाळं घ्या आणि विचारा, ही बाव कुणी साफ करतं? या बुरजाला तुम्ही काय म्हणता? घरी येऊन, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत ते लिहून ठेवा. स्टॅफिनच्या त्या मुलाने याहून वेगळं काही केलं नाही. हातात आलेल्या गोष्टीला त्याने नाव लावलं आणि ते पुसू दिलं नाही.

एक प्रश्न घेऊ. हो, तुम्ही, ताई.

*श्रोता: सर, सगळं ऐकलं, पण शेवटी तो हात महाराजांचाच आहे का? माझ्या नातवाने विचारलं तर मी काय सांगू?*

फार चांगलं विचारलंत. त्याला असं सांगा: हा हात महाराजांचा आहे, असं किल्ल्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. त्याआधीचा दुवा कागदाचा नाही, माणसांच्या सांगण्याचा आहे. एवढं सगळं त्याला खरं खरं सांगा, त्यातलं काही लपवू नका. आणि आणखी एक गोष्ट सांगा. कोकणात चुना करायचे तो बहुधा शिंपले भाजून. समुद्रातल्या जिवांची कवचं भाजली, त्यांचा चुना झाला, आणि त्या चुन्यात कुणा माणसाने हात दाबला. मग त्याच्यावर घुमटी बांधून, पावसापासून, खाऱ्या वाऱ्यापासून, इतकी वर्षं कुणीतरी तो सांभाळला. त्या सांभाळण्याबद्दल तर कुणालाच शंका नाही. नातवाला नमस्कार करायला सांगा, आणि प्रश्नही विचारत राहायला सांगा. दोन्ही एकदम करता येतं.

वेळ झाली. होडी सुटेल! (हशा)